नेच्याच्या रोपाचे पैसे कशावर द्यायचे?

मी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते. आमचा सगळा हिशेब नगावर. खान्देशातल्या शेतकऱ्याला जी-नाईन वाणाची एकसारखी रोपं हवी असतात, त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. पण माती स्वच्छ करणाऱ्या झाडांची ऑर्डर सरकारने उद्या आमच्यासारख्यांना दिली, तर पैसे नगावर देऊ नयेत, असं मी आग्रहाने सांगेन.

असं एक झाड म्हणजे टेरिस व्हिटाटा हा नेचा. आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींच्या फटींत तो उगवतो. मातीतलं आर्सेनिक ओढून तो पानांत साठवतो, हे 2001 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात उघड झालं. लाकूड टिकवण्यासाठी रसायनं वापरलेल्या जागेवर तो वाढत होता. प्रयोगात त्याच्या वाळलेल्या पानांत किलोमागे 20 ग्रॅमहून जास्त आर्सेनिक भरलं. बंगालमध्ये बोअरचं पाणी देऊन देऊन भाताच्या शेतांत हे विष साचलं आहे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही भूजलात आर्सेनिक आहे. म्हणजे गरज दूरची नाही.

नेच्याला बी नसतं, पानांच्या कडांना मागून बीजाणू असतात. ते निर्जंतुक करून बाटलीत पेरले की आधी काही मिलिमीटरची, हृदयाच्या आकाराची हिरवी वाढ येते. तिच्यावर पुढे खरा नेचा फुटतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच अवस्था, कारण एवढीशी असतानाही ती आर्सेनिक सोसते आणि साठवते. म्हणजे कुठल्या जागेचा वाण दमदार, याचा अंदाज शेतात जाण्याआधीच घेता येईल. मात्र आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं एक रूप, झाडात शिरतं ते फॉस्फेटच्याच वाटेने, आणि बाटलीत रोपं वाढवायला आम्ही रोज वापरतो त्या मुराशिगे-स्कूग माध्यमात फॉस्फेट भरपूर असतं. ते कमी न करता चाचणी केली, तर चांगला वाणही कमी साठवतोय असं दिसेल. नगावर पैसे मिळणार असतील, तर ही चाचणी करायला कोणती लॅब वेळ काढेल? हाताला लागेल त्या एकाच झाडाचे बीजाणू पेरून ट्रे भरले जातील.

म्हणून माझं म्हणणं, बीजाणू अनेक ठिकाणचे घ्यावेत, प्रत्येक लॉटवर जागेची नोंद असावी, आणि रकमेचा मोठा भाग कापणीनंतर, पानांत किती ग्रॅम आर्सेनिक निघालं त्यावर द्यावा. ती पानं गुरांच्या तोंडी लागता कामा नयेत. चुलीत तर नकोच, जाळल्यावर आर्सेनिक धुरातून बाहेर पडतं. तेव्हा पानं कोण कापणार, कोण उचलणार आणि कुठे बंदिस्त ठेवणार, हे पहिली बाटली भरण्याआधी करारात लिहिलेलं हवं, आणि त्याचा खर्चही त्याच करारात धरलेला हवा.