साडूंच्या ट्रॅक्टरचे दिवे

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि ओंटारिओतल्या मिल्टनमधून संध्याकाळ हा प्रकारच हद्दपार होतो. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उगवतो तो साडेसातनंतर. नोकरदार माणसाने दारातला बर्फ काढायचा तो अंधारातच. गावातल्या चाळवजा घरांना फावडं पुरतं. पण पश्चिमेला, कॅम्पबेलव्हिलच्या बाजूला, घरापासून रस्त्यापर्यंतची वाटच आपल्याकडच्या एखाद्या गल्लीएवढी असते. तिथे पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर असणं ही चैन नव्हे.

आमच्या साडूंकडे असा एक आहे. त्यावर ते आणखी दिवे बसवणार होते. हेडलाइट असताना ते कशाला, असं मी विचारलं. "बघा आता," म्हणत त्यांनी लोडरची बकेट वर घेतली. सगळा उजेड बकेटच्या पाठीवर आपटून आमच्याच डोळ्यांत आला. मागे तर मिट्ट काळोख, आणि बर्फ उडवायचं यंत्र नेमकं मागेच जोडलेलं. म्हणजे मान वळवून, रिव्हर्समध्ये, अंदाजपंचे.

दोन तारा बॅटरीला डकवल्या की दिवा लागतो, असं मानणारा वायरमन आपल्याकडे गावोगाव सापडतो. लागतोही. पण ५५ वॉटचे चार हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टवर १८ अँपिअर. एवढा भार लहानशा स्विचमधून नेला की तो तापतो, आणि छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटरही बेताचाच असतो. १८ वॉटचे चार एलईडी सहा अँपिअरमध्ये भागवतात. साडूंनी तेच घेतले, तरी रिले घातलाच: स्विचने फक्त रिले ओढायचा, मुख्य करंट जाड तारेतून परस्पर दिव्यांना. फ्यूज बॅटरीला लागून. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला. रंगावरच आवळला तर दिवा मिणमिणतो आणि माणूस उगाच बॅटरीला दोष देत बसतो.

डोक्यामागच्या रोलबारला भोक पाडायचा मोह होतो. पाडू नये. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारा तोच पाइप, आणि भोकाने तो कमजोर होतो. क्लॅम्प मिळतात, ते वापरावेत.

आता एलईडीची खोड. त्याची काच फारशी तापत नाही, म्हणून तिच्यावर बसलेला बर्फ वितळत नाही. हॅलोजन वीज खायचा, पण आपली काच आपणच साफ ठेवायचा. शिवाय बर्फ पडत असताना डोळ्यांच्या रेषेत दिवा लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहतो. साडूंनी पुढचे दोन खाली, जमिनीकडे तोंड करून बसवले. उजेड निम्मा वाटतो, दिसतं दुप्पट.

मागच्या दिव्यांना मात्र त्यांनी स्वतंत्र स्विच दिलाय. रस्त्यावर आलं की ते बंद. मागून येणाऱ्याला पाठीवरचा पांढरा दिवा समोरून येणाऱ्या गाडीसारखा वाटतो. तिथे लागतो तो संथ वाहनाचा केशरी त्रिकोण, आणि ओंटारिओत तो सक्तीचा आहे. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या गळीत हंगामात याच्या नेमकं उलट. ट्रॅक्टरच्या छतावर रंगीत दिव्यांची रोषणाई, स्पीकर दणाणतोय, आणि दोन ट्रॉल्यांच्या शेपटाला टेललाइट सोडाच, रिफ्लेक्टरही लोंबणाऱ्या वाढ्यांखाली गडप. आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर चिकटवायच्या मोहिमा काढतात. ऊस भरताना ते झाकले जाणार नाहीत अशा जागी बसवले, तर त्या मोहिमांचा काही उपयोग.