व्हॉट्सॲपचं कुलूप आणि अमेरिकेतली एक खुर्ची
तुमचे व्हॉट्सॲप मेसेज कुलूपबंद करणारी ‘एईएस’ पद्धत २००१ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली ती अमेरिकेच्या ‘निस्ट’ने. वजनमापांसाठी १९०१ मध्ये सुरू झालेली ही सरकारी संस्था. जानेवारी २०११ मध्ये कायदा झाला आणि तिच्या संचालकालाच वाणिज्य खात्यातलं ‘अंडर सेक्रेटरी’ हे पद मिळालं. (आपल्याकडच्या अवर सचिवाशी गल्लत नको, तिकडे हे पद बरंच वरचं.) माणूस तोच, वजन वाढलं.

नेमणुकीला सिनेटची मंजुरी मात्र पूर्वीसारखीच लागते. खरं दुखणं तिथंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये वॉल्टर कोपन गेले. लॉरी लोकासिओ यायला एप्रिल २०२२ उजाडला. मधले पंधरा महिने हंगामी कारभार. आणि नेमकं त्याच काळात, मे २०२१ मध्ये, बायडन यांनी सॉफ्टवेअर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना ठरवायचं काम निस्टवरच सोपवलं होतं.