आरोग्यविचार : कामगाराची मूत्रपरीक्षा

मूत्रपरीक्षेचें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित घरांतून प्रथम मधुमेहाची आठवण होते. परंतु हीच परीक्षा कारखान्यांतील धातुविषाचा माग काढण्यासही उपयोगी पडते, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

कॅडमियम या धातूचेंच उदाहरण घेऊं. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या बनवितांना किंवा कॅडमियममिश्रित डाखानें सांधे जोडतांना त्याची धूळ व धूर श्वासावाटे शरीरांत शिरतात. पुढें तें विष मूत्रपिंडांत ठाण मांडून बसतें व वर्षानुवर्षें हलत नाहीं. ना ताप, ना वेदना. माणूस दिसावयास धडधाकट! स्वीडनमधील बॅटरी-कामगारांच्या मूत्रांतून प्रथिन जात असल्याचें लार्स फ्रिबर्ग यांनीं आपल्या १९५० सालच्या ग्रंथांत दाखविलें. परंतु प्रथिन जाऊं लागलें म्हणजे मूत्रपिंडास इजा होऊन चुकली, आणि ती बहुधा भरून येत नाहीं. म्हणून त्यापूर्वींच मूत्रांतील कॅडमियम मोजणें इष्ट होय. पाणी अधिक प्याल्यानें मूत्र पातळ होऊन आंकडा फसवा येऊं नये, यासाठीं तें क्रिएटिनीन या द्रव्याच्या प्रमाणांत मोजतात. नमुना देण्यापूर्वीं हात स्वच्छ धुणेंही अगत्याचें आहे. नाहींतर बोटांवरची धूळच मोजली जावयाची.

अमेरिकेंत १९९२ सालीं याविषयीं नियम झाला. ग्रॅमभर क्रिएटिनीनमागें ३ मायक्रोग्रॅमहून अधिक कॅडमियम आढळल्यास कामाच्या रीतीची फेरतपासणी करावी लागते; १९९९ पासून ७ हून अधिक आढळल्यास कामगारास त्या कामावरून दूर करणें बंधनकारक आहे. मात्र दूर केलेल्याचें वेतन १८ महिन्यांपर्यंत बुडतां कामा नये, अशीही त्यांत तरतूद आहे.

आमच्या मतें या नियमाचा प्राण या शेवटच्या तरतुदींतच आहे. ज्या परीक्षेनें पोटावर पाय येतो, ती परीक्षा कोणता कुटुंबवत्सल मनुष्य आनंदानें देईल? तो ती चुकवील, आणि विष आंतल्या आंत वाढत राहील. शिवाय मूत्र तपासल्यानें कारखान्याची हवा शुद्ध होत नाहीं. धूर जागच्या जागीं ओढून घेणारी यंत्रें बसविणें हाच खरा उपाय. परीक्षा ही केवळ पहारेकरी आहे.

आमच्या वाचकांच्या घरांतून डॉक्टर, इंजिनिअर व कारखान्यांचे व्यवस्थापक निपजतात. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं, परीक्षेचा निकाल कपाटांत पडून न राहतां ज्याचा त्याला समजतो ना, आणि तो समजल्यावर त्याच्या घरची चूल पेटती राहते ना.