कंपनीचं बी नको, कोरडं खळं द्या



मागच्या बाजाराला एक बियाणेवाला साहेब गाडी घेऊन आला होता. हातात किडक्या कणसाचा मोठा फोटो. म्हणाला, बीटी मका येणार आहे, अळीला मारायचा गुण बियातच घातलेला. अळी नाही तर बुरशी नाही, बुरशी नाही तर धान्यात विष नाही. आपली पोरं माना डोलवत होती, म्हणून आम्ही हे लिहितो.

त्याचं सगळंच खोटं नाही. अळी कणीस पोखरते आणि त्या भोकातून बुरशी आत शिरते, हे आपण शेतात बघतोच. अमेरिकेत १९९६ पासून हा मका पेरतात, तिथं फ्युमोनिसिन नावाचं बुरशीचं विष त्यात कमी सापडलं. पण आपल्या लोकांना मारलं ते विष वेगळं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन.

१९७४ साली राजस्थानच्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात, आपल्याच भिल भावकीच्या गावांत, मका काढायच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. कणसं भिजली, तशीच घरात भरली, बुरशी चढली. मग माणसं पिवळी पडायला लागली, पोटात पाणी झालं. शंभरावर माणसं गेली. त्याच घरची भाकर खाणारी कुत्रीही आजारी पडली. बुरशीचा मका कोण हौसेनं खातो? घरात दुसरा दाणा नव्हता, म्हणून खाल्ला.

या बुरशीला अळीच्या भोकाची गरज पडतेच असं नाही. पाऊस ताणला, पीक तहानलं की ती उभ्या शेतात लागते, आणि ओला दाणा कणगीत कोंडला की पसरते. बीटी मक्यात हे विष दरवेळी कमी झालंय असं दिसलेलं नाही. साहेबाच्या फोटोत हे कुठं होतं?

बीटी कापूस २००२ साली आला तेव्हाही असंच गोड बोलले होते. पुढं गुलाबी बोंडअळीनं तोच कापूस खाल्ला. फवारणी परत आली, बियाण्याची उधारी मात्र राहिली. आणि मक्याचा तुरा वाऱ्यावर उडतो. शेजारच्या बांधावर कंपनीचा मका असला तर आजीनं राखलेलं आपलं पांढरं बी बाटणार, त्याची भरपाई कोण देणार? सरकारनं २०१० साली बीटी वांगं थांबवलं, बीटी मक्याच्या लागवडीलाही अजून परवानगी नाही. मग हा साहेब आत्ताच कशापायी फिरतो?

आम्ही एका कचेरीत पक्कं खळं आणि ताडपत्र्या मागायला गेलो. उत्तर मिळालं, आधी सातबारा आणा. वनहक्काचा दावा टाकून वर्षं झाली, पट्टा हातात नाही, कागदावर आपण अजून अतिक्रमणवाले. बी विकायला मात्र कोणी सातबारा विचारत नाही, बघा!

यंदा कणसं भिजली असतील तर सोलून उन्हात पसरा, जमिनीवर नको, माचावर. दाणा दाताखाली कट्कन फुटेल तेव्हाच कणगीत भरा. हिरवी-पिवळी बुरशी दिसली तर ते धान्य कोंबड्यांनाही घालू नका. धुऊन, भाजून हे विष जात नाही.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्यायचे: अडकलेले पट्टे द्या, पाड्यापाड्यात उंच पक्कं खळं बांधा, ग्रामसभेला विचारल्याशिवाय बीटी मक्याची चाचणीसुद्धा आपल्या शिवारात नको. बायांनी पुढं बसायचं, बी त्यांच्याच हातात आहे. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही.