कारण शोधा, मग सील बदला



चिखल्याच्या मँगनीज खाण भागातील एका ड्रायव्हर भावाने विचारले आहे : लिलावातल्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रकच्या ट्रान्सफर केसमधून तेल गळते. ऑइल सील दोनदा बदलले, तरी गळतेच. मालक तेलाचे पैसे पगारातून कापतो.

भाऊ, चाकांना दगड लावूनच खाली शिरा. केस डिझेलने धुऊन कोरडी करा, खडूची पूड मारा आणि चार-पाच किलोमीटर चालवून पाहा. ओल सर्वांत वर व पुढे जिथे उमटेल, गळती तिथली. मग ब्रीदर साफ करा. तो धुळीने बुजला की तापलेल्या केसमध्ये दाब वाढतो आणि नव्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. ब्रीदर मोकळा असेल तर फ्लँजवर, सील बसते तिथे, नख फिरवा. खाच लागली तर नुसते सील बदलून भागणार नाही, फ्लँजही बदला. तेल लेव्हल प्लगपर्यंतच भरा.

दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकविले. ते कारण मालकाला डोळ्यांनी दाखवा आणि ठामपणे सांगा : ही यंत्राची झीज आहे, ड्रायव्हरचा गुन्हा नव्हे. पगार कापू नका.