दूध दर पडला की पहिली कात्री डॉक्टरच्या फीवर. खासगी पशुवैद्यकांपुढे गिऱ्हाईक टिकवण्याचा प्रश्न

गायीच्या दुधाचा दर पडला की शेतकरी सहसा पेंडीला आधी हात लावत नाही. पेंड कमी केली की दुधाचं माप लगेच उतरतं. डॉक्टरला चार दिवस उशिरा बोलावलं तर मात्र त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही. म्हणून पहिली कात्री तिथं लागते.

जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवला होता. हिवाळ्यापर्यंत तो २७ च्या आसपास आला. जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू झालं, तरी त्याच वर्षी जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी दरासाठी आंदोलनाला बसले. दर असे खालीवर होतात तेव्हा तालुक्याच्या गावी दवाखाना टाकलेल्या खासगी पशुवैद्यकाच्या व्हिजिट कमी होतात आणि उधारीची वही फुगते.

अशा वेळी चौकात फ्लेक्स लावावा, फी कमी केल्याचा मेसेज ग्रुपवर फिरवावा, असं वाटणं साहजिक आहे. पण जाहिरात करून गिऱ्हाईक ओढणं पशुवैद्यकांच्या १९९२ च्या आचारसंहितेत बसत नाही. शिवाय स्वस्ताईच्या शर्यतीत खासगी डॉक्टर हरणारच. लाळ खुरकूतची लस सरकार फुकट देतं आणि १९६२ वर फोन केला की फिरत्या पथकाची गाडी मागवता येते.

त्याच्याकडे विकण्यासारखं आहे ते वेळेचं गणित. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला आणि भाकड गाय पोसायला दिवसाला १५० रुपये धरले, तर ३ हजार १५० रुपये गेले. पुढचं वेत लांबलं ते वेगळंच. व्हिजिटची फी ४०० धरली तरी हा तोटा तिच्या जवळपास आठपट होतो. पण हे गणित गोठ्यात उभं राहून कोणी सांगत नाही. रेतनाची तारीख लिहून ठेवून अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी ‘गाय उलटतेय का, दोन-तीन दिवस नजर ठेवा’ एवढा फोन करणारा डॉक्टर फ्लेक्सशिवाय गावभर होतो. उलटली नाही म्हणून गाभण धरून न चालता दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घेणं, हा त्याच कामाचा पुढचा भाग.

दगडीचंही तसंच. कास सुजण्याआधी, दूध वरून चांगलं दिसत असतानाच, सीएमटी द्रावणाने गोठ्यात मिनिटभरात अंदाज येतो. सड कायमचा गेल्यावर बिल कितीही लहान असलं तरी ते शेतकऱ्याला मोठंच वाटतं.

फीबद्दल कुरकुर होते तिथे बऱ्याचदा रकमेपेक्षा अंधार जास्त नडतो. औषधाचे किती, येण्याचे किती, इंजेक्शननंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे आधी सांगून कागदावर दिलं तर निम्मी भांडणं मिटतात. उधारी दुधाच्या पगाराला वळती करण्याची सोय काही ठिकाणी डेअरीमार्फत होते. वसुलीला ती बरी, पण मग डॉक्टर डेअरीचा की शेतकऱ्याचा, हा प्रश्न उभा राहतो.

नोंदणी नसताना ‘डॉक्टर’ म्हणून फिरणाऱ्यांबद्दल पशुवैद्यक तक्रार करतात, आणि ती खरी आहे. १९८४ च्या कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांना आहे. पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येते. अर्धवट डोसची अँटिबायोटिक्स देऊन बिघडलेली जनावरं शेवटी पदवीधराच्याच दारात येतात. तरीही रात्री अकराला गाय अडली की शेतकरी त्यांनाच फोन का लावतो? ते फोन उचलतात, म्हणून. एकट्या डॉक्टरला रोज हे जमणार नाही. शेजारच्या गावातल्या दोघा-तिघांनी रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या तर जमेल. धंद्यातल्या चढाओढीमुळे तेवढंच होत नाही.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. डॉक्टरच्या मोबाइलमध्ये नंबर असतो तो घरच्या पुरुषाचा. पण बऱ्याच घरांत धार काढते बाई; गाय पान्हा चोरतेय, सोट टाकतेय, रवंथ करत नाही, हे आधी दिसतं तिला. तारखेची आठवण करून देणारा फोन जातो मात्र बाजाराला गेलेल्या मालकाला.