शहर आपलं, सुट्टी कुणाची?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक सल्ला हमखास येतो. प्रवास महाग, हॉटेलं महाग. तेव्हा यंदा बाहेरगावी न जाता आपलंच शहर पाहा. 'स्टेकेशन' हे त्याचं आजचं नाव. सल्ला वाईट नाही. पण सगळं घर घरीच राहून सुट्टी घेणार, तेव्हा त्या घरातल्या बाईची सुट्टी कुठे जाते, हे कुणी विचारत नाही.

ती ओट्यापाशी जाते, हे आपल्याला माहीत आहे. शनिवारवाडा पाहायचा तर पहाटे उठून पुऱ्या लाटायच्या, बाटल्या भरायच्या, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीनं घ्यायच्या. परत आल्यावर सगळे दमून पंख्याखाली आडवे झाले की हिनं कुकर लावायचा. केंद्र सरकारच्या 2024 सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकामात बायकांची रोजची 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. आणि ही 88 मिनिटंही फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची! जे लावतच नाहीत, ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला एका वस्तीत आमचा गट भरतो. बहुतेकजणी घरकाम करणाऱ्या. एका बैठकीत मी सहज विचारलं, पर्वतीवर कोण कोण जाऊन आलंय? एक मावशी म्हणाल्या, "एकवीस वर्षं इथं राहते, ताई. दोनदा गेले. दोन्ही वेळेला गावाकडचे पाहुणे आले होते म्हणून." म्हणजे स्वतःच्या गावात हिंडायलाही बाईला पाहुण्यांचं निमित्त लागतं. देवदर्शन, दवाखाना, बाजार, मुलाची शाळा; कारण असेल तर बाहेर पडा. नुसतं "मला पाहायचंय" हे कारण चालत नाही.

आम्ही एक रविवार ठरवला. तेव्हा चळवळीतल्याच एका मैत्रिणीनं टोकलं, "मारहाणीच्या केसेस पडून आहेत, पाण्याचा प्रश्न आहे, आणि तुम्ही सहली कसल्या काढता?" हा आक्षेप आपल्यातल्या अनेकींच्या मनात असतो, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं.

सुट्टी ही चैन नाही, ती कामगारांची मागणी आहे. 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झगडून. त्या रविवारी कामगाराच्या घरातली चूल मात्र बंद झाली नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. 2008 साली घरेलू कामगारांसाठी राज्याचा कायदा आला, पण तो कल्याण मंडळापुरता. आठवड्याची हक्काची सुट्टी त्यानं दिली नाही. आजही मालकीणबाईंच्या मर्जीवर रविवार ठरतो. आणि त्या मालकीणबाईंना तरी त्यांच्या घरात रविवार कुठे असतो?

आम्ही गेलो. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात तो हौद पाहिला, जो जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. ज्या पर्वतीखाली या बायका राहतात, तिथल्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून 1929 साली सत्याग्रह करावा लागला होता, हेही तिथंच बोलणं निघालं. शहरातली जागा कुणाची, हा वाद नवा नाही. मग केळकर संग्रहालयात गेलो. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी काचेमागे पाहून बायका हसल्या, "हे तर आमच्या आजीकडे होतं!" राबणाऱ्या हातांची वस्तू बघण्याजोगी असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पण त्या दिवशी अर्ध्याजणी सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. का, ते सांगायला नको. वाटेतल्या एका स्वच्छतागृहाला कुलूप, दुसऱ्यात पाय ठेववत नव्हता. चार वाजल्यापासून फोन सुरू झाले, "कधी येणार? भाजी काय करायची?" एस.टी.त मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पण ती सवलत शहराच्या बसला नाही. परगावी जायला सवलत, आणि स्वतःच्या गावात फिरायला पूर्ण भाडं!

म्हणून, मैत्रिणींनो, 'आपलं शहर पाहा' हा सल्ला आपण घेऊ या, पण आपल्या अटींवर. घरकामगार बाईला पगारी साप्ताहिक सुट्टी हवी. बागेत, बसथांब्याजवळ, प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी बायकांसाठी स्वच्छ, उघडं आणि फुकट स्वच्छतागृह हवं. शहराच्या बसमध्ये सवलत हवी. आणि चौथी अट सरकारकडे नाही, घरात मांडायची आहे: त्या दिवशीचा स्वयंपाक घरातले पुरुष करतील. आदल्या रात्री करून ठेवलेला चालणार नाही.

आपापल्या गटाने एक रविवार काढा. मोर्चा नको, निवेदन नको, पाहुणेही नकोत. बाकावर बसा, शेंगा खा, उशिरा घरी या. कुणी विचारलंच, "काय काम होतं?" तर सांगा, काही काम नव्हतं.